हरिकेनवाले सोनावणेकाका

पहिल्यांदा सोनावणेकाकांच्या घरी गेलो तेव्हा विमलकाकूंनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "ते मेलेत. बसा, चहा टाकते."

मी दारातच थिजलो. हातात काकांनी मागवलेली सीडी. आत रडारड नाही, माणसं नाहीत. बुद्धांच्या मूर्तीपुढे उदबत्ती जळत होती आणि स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देत होता.

"कधी?" मी कसंबसं विचारलं.

"झाली की दहा मिनिटं. बाल्कनीत बसलेत."

बाल्कनीत काका खरोखरच बसले होते. प्लास्टिकच्या खुर्चीत, हात मांडीवर, नजर समोरच्या पाण्याच्या टाकीवर. मला बघून म्हणाले, "या प्रशांतराव. माझंच चुकलं. मागे बघितलं नाही."

काकांचा नियम होता तो. लढाऊ विमानांच्या गेममध्ये आपलं विमान पडलं की आपण मेलो. इतर लोक एक कळ दाबून पुन्हा उडतात. काका कॉम्प्युटर बंद करायचे, त्यावर कापडी कव्हर घालायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याला हात लावायचे नाहीत. "मेलेला माणूस लगेच कसा उठेल? काही रीत आहे की नाही?"

काकूंना या बोलण्याची इतकी सवय झाली होती की एकदा त्यांच्या भावाचा बदलापूरहून फोन आला, भाऊजी कुठायत म्हणून, आणि काकू भाजी परतता परतता बोलून गेल्या, "ते मेलेत सकाळीच." तासाभरात मेहुणे हार घेऊन दारात. काकांनीच दार उघडलं. हार वाया जाऊ नये म्हणून तो मूर्तीला घातला आणि मेहुण्यांना जेवून जायला सांगितलं.

अंबरनाथ पूर्वेला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये. मी तिसऱ्या मजल्यावर, काका पहिल्या. फॅक्टरीच्या टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर मुलीने आपला जुना कॉम्प्युटर इथे ठेवला आणि ती नवऱ्याबरोबर नागपूरला गेली. त्यात कोणीतरी टाकून ठेवलेला विमानांचा गेम होता. दुसऱ्या महायुद्धातली विमानं, खरी वाटतील अशी. हा माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसला नव्हता, पण सहा महिन्यांत स्पिटफायरचं नाक पुढे किती वजनदार आहे आणि एकशेनऊ नंबरच्या जर्मन विमानाची चाकं किती जवळजवळ आहेत हे ते शेजारच्या माणसाचा स्वभाव सांगावा तसं सांगायला लागले.

त्यांचं लाडकं विमान हरिकेन. वेगाला कमी, दिसायला कुबडं, मागचं अर्धं अंग लाकडाचं आणि कापडाचं. "पण कष्टाळू आहे हो," काका म्हणायचे. "आणि सहनशील. गोळी कापडातून आरपार जाते, हे आपलं उडतंच." त्याची एक खोड होती. नाक एकदम खाली दाबलं की इंजिनाला पेट्रोल पोचायचं नाही, ते खोकायचं. मग काका आधी विमान उलटं करायचे आणि मगच खाली खेचायचे. हे त्यांनी मला जेवणाच्या ताटावर चमच्याने करून दाखवलं होतं. चमच्यात आमटी होती हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मला खरी भुरळ पडली ती त्यांच्या कंट्रोल्सची. बाजारातली जॉयस्टिक त्यांना पटली नाही. "हे खेळणं आहे. हाताला काही सांगत नाही." मग त्यांनी स्वतःच घडवायला घेतलं. दांडा शिसवीचा, मुठीचे खळगे स्वतःच्या बोटांच्या मापाने कोरलेले. खाली नायलॉनचे बुश, जुन्या टीव्हीच्या आवाजाची बटणं खोलून काढलेले भाग, आणि वजनकाट्यासारख्या जुळवलेल्या स्प्रिंगा. इंजिनाचा वेग कमीजास्त करायला उल्हासनगरच्या भंगारात मिळालेला लेथचा दांडा. गोळ्या झाडायला दाराच्या बेलचं बटण, त्यावर घंटीचं चित्र तसंच. हे सगळं बघून मी म्हटलं, "काका, हे तर भारीच." ते म्हणाले, "अजून एक सूत ढिलं आहे." मी हात लावून बघितलं. मला कुठेच काही ढिलं लागलं नाही.

आत बसवायचे इलेक्ट्रॉनिक भाग हरेश पुरवायचा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून तो दोन मशीन वायरने जोडायचा आणि आमची मंडळी जमायची. मी, हरेश, काका, आणि खरवईहून येणारे बापटसाहेब. बापट एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. त्यांच्याकडे परदेशातून आणलेला पूर्ण सेट होता, दांडा, पायाचे पेडल, सगळं काळं चकचकीत. शिवाय खऱ्या विमानाच्या मॅन्युअलच्या झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग करून. तासन् तास वाद चालायचे. वळताना किती वेग ठेवायचा, रडर किती द्यायचा, म्हणजे शेपटीचा तो उभा पडदा पायाने किती वळवायचा. हरेश मध्येच ओरडायचा, "अरे साईं, उडाओ तो सही! लोडशेडिंगला पाऊण तास राहिलाय!"

एका रविवारी बापटांनी काकांचा दांडा हातात घेतला, उलटासुलटा केला, बेलचं बटण बघितलं आणि हसले. "सोनावणे, छान आहे. शोकेसमध्ये ठेवा. पण यावर लढाई नाही होत."

काका रागावले नाहीत. त्यांनी दांडा परत घेतला, रुमालाने पुसला आणि विचारलं, "उतरायचं पण ना?"

"म्हणजे?"

"नुसतं पाडायचं नाही. जो आपलं विमान सुखरूप जमिनीवर आणेल तो जिंकला. उतरला तोच पायलट."

बापट एकशेनऊ घेऊन वर चढले. काकांनी अर्थातच हरिकेन. मी काकांच्या मागे उभा होतो, हरेश दोन्ही मॉनिटरच्या मधे. बापट उंचावरून झेप घ्यायचे, गोळ्या झाडायचे आणि त्याच वेगात पुन्हा वर निघून जायचे. पुस्तकात दिलंय तसं, अगदी बिनचूक. काका फक्त वळायचे. शेवटच्या क्षणाला, थोडंसंच. गोळ्या बाजूने जायच्या. त्यांचा हात इतका कमी हलत होता की ते काही करतायत असंच वाटेना. ओठांतल्या ओठांत मात्र चाललेलं असायचं, "बोलतंय, बोलतंय... ऐका त्याचं."

तिसऱ्या झेपेत बापटांची एक फैर लागली. हरिकेनच्या पोटाखालून पांढरी वाफ सुटली. इंजिन थंड ठेवणारं पाणी चाललं होतं.

"गया काका," हरेश म्हणाला.

ती वाफ बघून बापटांचा संयम सुटला. वर निघून जायच्या ऐवजी ते काकांच्या मागे मागे वळायला लागले. काका खाली, आणखी खाली, झाडांच्या शेंड्यांपर्यंत, आणि प्रत्येक वळण आधीपेक्षा आवळत आणलेलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मला पाय हलवायचं सुचलं नाही. एका वळणात बापटांच्या विमानाला पुरेसा वेग उरला नाही. पंख थडथडला, विमान कुशीवर कोसळलं आणि शेतात गेलं. काकांनी बेलचं बटण एकदाही दाबलं नव्हतं.

पण ते अजून वरच होते. इंजिनाने दोन आचके दिले आणि पंखा फिरायचा थांबला. चाकं खाली घ्यायला हातपंप, त्यासाठी एक कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागायची. काका डाव्या हाताने ती दाबत होते, उजव्या हाताने दांडा जेमतेम धरलेला, एखाद्या झोपलेल्या माणसाचा हात धरावा तसा. स्पीकरमधून फक्त वाऱ्याचा आवाज. कुंपण पोटाखालून गेलं, चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली, आणि विमान गवतावर थांबलं.

काकांनी चष्मा काढला. बापट उठून त्यांच्यापाशी आले. आम्हाला वाटलं आता वाद घालतील. ते म्हणाले, "काका, माझ्या दांड्यातही थोडा ढिलेपणा आहे. बघाल का?" तोवर ते त्यांना नुसतं सोनावणे म्हणत असत.

असं दोनेक वर्षं चाललं. मग एका रविवारी काका आले नाहीत.

विमलकाकूंना सकाळी झटका आला होता. चहा गाळता गाळता पातेलं हातातून सुटलं आणि त्या भिंतीला टेकत खाली बसल्या. उजवी बाजू गेली होती. तीन आठवडे हॉस्पिटल, मग घरी. मुलगी येऊन राहिली, पण तिचीही नोकरी आणि लहान बाळ. ती गेल्यावर काका एकटेच. त्यांना पोळ्या करता यायला लागल्या, काकूंची वेणी घालता यायला लागली. कॉम्प्युटरवरचं कव्हर निघालंच नाही. दांडा माळ्यावर गेला.

काकूंना थोडंफार बोलता येत होतं, पण त्यांनी बोलणंच टाकलं. फिजिओथेरपीवाल्या बाई यायच्या, हात उचलून खाली-वर करायच्या, म्हणायच्या, "काकू, तुम्ही मनावर घ्यायला हवं." काकू तोंड भिंतीकडे करायच्या. मी भेटायला गेलो की काका माझ्यासमोर बसायचे आणि तेही गप्प. एकदा फक्त म्हणाले, "मशीन असतं तर खोलून बघितलं असतं हो."

मग बऱ्याच दिवसांनी ते जिना चढून माझ्याकडे आले. "हरेशला सांगा, एक बोर्ड पाहिजे. आणि अगदी हलकी स्प्रिंग. बॉलपेनमधली असते त्याहून हलकी."

मला वाटलं, माणूस पुन्हा खेळायला लागला, बरं झालं. हरेशने बोर्ड दिला, पण काकांना त्याची हालचाल जाड वाटली. बोटभर ढकलावं तेव्हा कुठे विमान हलायचं. ही गोष्ट बापटांना कळली. पुढच्या रविवारी ते खरवईहून स्कूटरवर आले आणि त्यांनी काकांच्या टेबलावर आपला परदेशी सेट ठेवला. "यातला सेन्सर सगळ्यात नाजूक आहे. खोला." काकांनी त्यांच्याकडे बघितलं. बापटांनी स्वतःच पहिला स्क्रू काढला.

दोन आठवड्यांनी काकांनी मला हाक मारली. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पाठीला उशा. समोर कॉम्प्युटर. त्यांच्या उजव्या हाताखाली एक नवा दांडा, लहानसा, वर वाटीसारखा पसरट, त्यात तळहात अलगद मावेल असा. जुन्या सुती साडीच्या पट्टीने हात त्यात बांधला होता. नुसत्या श्वासानेही हलेल इतका तो हलका होता.

पडद्यावर लढाऊ विमान नव्हतं. शिकाऊ पायलटांचं दोन सीटचं, दोन मजली पंखांचं सावकाश विमान होतं, आणि ते भरपूर उंचावर सोडलेलं होतं.

"विमल," काका खाली जमिनीवर बसून म्हणाले, "घाई नाही. तुला वाटेल तिकडे ने."

काकू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मला त्यांच्या हाताकडे बघवेना. मग करंगळी थरथरली. क्षितिज किंचित तिरपं झालं आणि पंखाखालून एक नदी दिसायला लागली. काकूंनी चटकन काकांकडे बघितलं, ते मुद्दाम काही करतायत का म्हणून. काकांनी दोन्ही हात वर केले.

"तूच," ते म्हणाले. "मी काही केलं नाही."

काकू पुन्हा पडद्याकडे वळल्या. ती नदी त्यांनी त्या दिवशी समुद्रापर्यंत नेली.

पुढे रोज दुपारी हे चालायचं. वीज गेली की थांबायचं. हात पहिल्यासारखा कधीच झाला नाही, पण पावसाळा संपता संपता काकूंना त्या हाताने स्टीलचा पेला धरून तोंडाशी नेता यायला लागला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, कोणता व्यायाम देताय? काका म्हणाले, "फिरायला नेतो."

आमच्या रविवारच्या बैठकी सुनसान झाल्या होत्या. एकदा मी काकांना म्हटलं, "आता या की कॅम्प पाचला. काकूंपाशी माझी आई बसेल. बापट वाट बघतायत."

काका भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "येईन हो. पण खरं सांगू? तिथली लढाई मला अर्धीच वाटायची. घरी येऊन विमलला सगळी सांगायचो, तेव्हा पूर्ण व्हायची. तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण ती 'मग?' म्हणायची." ते थांबले. "सहा महिने या घरात 'मग' कोणी म्हटलं नाही."

तेवढ्यात हॉलमधून काकूंनी चक्क हाक मारली. मी आलोय हे त्यांना कळलं होतं. मी जाऊन समोर बसलो. आज कुठे गेला होतात, असं विचारलं, आणि काकू सांगायला लागल्या. शब्द अडकत होते, काही अर्धवट सुटत होते. डाव्या हाताने त्या डोंगर दाखवत होत्या, ढग दाखवत होत्या. ढगात शिरल्यावर सगळं पांढरं झालं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. एक वाक्य पूर्ण व्हायला मिनिट लागत होतं.

ती सगळी सफर काकांनी दुपारी त्यांच्या शेजारी बसून बघितली होती. तरी ते मेथीची जुडी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काकू श्वास घ्यायला थांबल्या.

"मग?" काकांनी विचारलं.