लाटेत टिकणारे बोर्ड

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या अनेकांत नावाच्या पोराला समुद्राचं वेड लागलं होतं. गगनबावड्याचा घाट उतरून गेल्यावर एका आडबाजूच्या किनाऱ्यावर त्याला सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरण्याची शाळा काढायची होती. तिथे रस्ता सुरूच्या बनात संपतो. पुढे खेकडे आणि समुद्र. पण तिथल्या सरपंचांनी ना हरकत दाखला सहा महिने दाबून ठेवलेला, आणि दाखल्याशिवाय शाळा नाही! तरी पठ्ठ्याने फळ्यांसाठी कोल्हापुरात फोन फिरवलाच. कोल्हापुरात काहीही बनतं, हा आपल्या लोकांचा जुनाच आजार. फोन लागला डिजिटल बोर्ड, म्हणजे चौकाचौकातले फ्लेक्स, छापणाऱ्या बाळासोंना.

"पाच बोर्ड पायजेत. आठ फुटी."

"करूया की!"

"वर माणूस उभा राहिला पायजे."

"उभाच घेतोय. गॉगल घालून."

समुद्रावर ऊन असतं, असेल तसं काही, अशी अनेकांतने स्वतःची समजूत घातली. "आणि खाली तीन फिन."

फिन म्हणजे फळीच्या बुडाला असलेले माशासारखे पर. हे बाळासोंना कोण सांगणार?

"फॅन व्हय? तीनच? लोकं तीस घालत्यात!"

"तीनच. आणि लाटेत टिकलं पायजे."

"पावणं, दोन इलेक्शनच्या लाटा बघितल्यात आमच्या बोर्डांनी! फोटो धाडा."

फोटो कशाला, हे अनेकांतला कळेना. पण धाडला.

शनिवारी टेम्पो आला. बाळासोंनी हौसेने, कुणाला न विचारता, सरपंचांच्या गावापासून किनाऱ्यापर्यंत पाचही बोर्ड ठोकले. अनेकांत धावत आला आणि बघतच राहिला. आठ फुटी अनेकांत, गॉगल लावून, हात जोडून! वर 'आता आपलीच लाट', आणि पायाशी तीन शुभेच्छुक: बाळासो, त्यांची बायको वर्षाराणी आणि मेहुणा सम्राट.

"अवो, ह्याच्यावर उभं कसं राहायचं?"

"उभंच हायसा की!" बाळासोही गोंधळले. "आनी कसं उभं करू?"

अनेकांतला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. दाखला नाही तो नाहीच, आता फळ्याही गेल्या.

तेवढ्यात घामाघूम सरपंच स्कूटर वाळूत रुतवत आले. ग्रामपंचायतीची निवडणूक महिन्यावर आली होती. त्यांनी शिक्का मारलेला कागद पुढे केला.

"हो घ्या तुमचो दाखलो! शाळा काढा, होया ता करा. पण उभे रवू नकात!"

अनेकांत चक्रावला. "अवो, उभं कुठलं? दोन वर्षं झाली, अजून पडतोयच की मी."

सरपंचांचा जीव भांड्यात पडला. परतताना त्यांनी बाळासोंना हळूच बाजूला घेतलं.

"माजोय एक बोर्ड करून देशात? पण धा फुटी. ह्याच्यापरास उंच दिसाक होयो."