खजुरखेडीच्या तळ्यातला जलराखा

लक्ष्मीकांत पानसे डॉक्टर झाले ते एका रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आणि तेही टीव्हीवर. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या वेळी बायको इंदुमती, समोरच्या घरातली चार माणसं आणि पोह्यांची परात एवढा जमाव होता. पडद्यावर लक्ष्मीकांतांचा चेहरा आला आणि खाली अक्षरं उमटली, 'डॉ. एल. के. पानसे, जलजीव संशोधक'.

इंदुमतीबाईंनी चमचा खाली ठेवला. "हे कधी झालं?"

"ते पिच्चरपुरतं आहे," लक्ष्मीकांत म्हणाले. "अनीशने लिहिलंय."

अनीश तळमजल्यावर राहायचा. लग्नांचे व्हिडिओ काढून काढून तो कंटाळला होता आणि आपल्या हातून काहीतरी वेगळं घडावं म्हणून त्याने एका स्थानिक चॅनलसाठी पाऊण तासाचा कार्यक्रम केला होता. महूच्या रस्त्यावर खजुरखेडी नावाचं गाव आहे, तिथल्या तळ्यात अर्धा मासा आणि अर्धा माणूस असा एक 'जलराखा' शेकडो वर्षं राहतो आणि तळं राखतो, अशी ती गोष्ट. गोष्ट अनीशच्या डोक्यातली. खुद्द खजुरखेडीला ती टीव्हीवरच कळली. पण त्याने ती रचली मात्र अशी होती की पाहणाऱ्याने पंखा बंद करून ऐकावं. जुने पिवळे नकाशे होते, पाण्याखाली सरकणारी सावली होती, जलराखाचा आवाज म्हणून जो घुमत होता तो अनीशच्या आईचा मिक्सर होता, आणि इंग्रजीत बोलणारा शास्त्रज्ञ हा त्याच्या व्यायामशाळेतला मास्तर होता. 'ही कथा पूर्णपणे काल्पनिक आहे' अशी ओळ शेवटी आली, मुंगीएवढ्या हिंदी अक्षरांत, तीन सेकंद. तोवर माणसं चहा ठेवायला उठलेली होती.

लक्ष्मीकांतांना अनीशने पकडलं ते त्यांच्या चेहऱ्यासाठी. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून त्यांनी तीस वर्षं इंदूरच्या हौशी मराठी नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं होतं. विंगेत उभं राहून राजापासून हवालदारापर्यंत सगळ्यांची वाक्यं त्यांनी पुटपुटली, पण रंगमंचावर त्यांना कोणी नेलं नाही. एका दिग्दर्शकाने कारणही सांगितलं होतं. म्हणाला, पानसे, तुमचा चेहरा फार खरा आहे, तुम्ही खलनायक झालात तर लोक नायकावर संशय घेतील.

अनीशने लिहून दिलेलं वाक्य साधं होतं, असा जीव असण्याची शक्यता नाकारता येत नाही, वगैरे. कॅमेरा सुरू झाला आणि लक्ष्मीकांतांनी ते वाक्य बाजूला ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, तळ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मैंने उसे देखा है। बहुत सुंदर है।" अनीश 'कट' म्हणायचं विसरला. नंतर त्याने कबूल केलं की क्षणभर त्यालाच वाटलं, काकांना विचारावं, कधी दिसला.

रविवारच्या पोह्यांवर समोरच्या घरातली मंडळी लक्ष्मीकांतांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. संध्याकाळपर्यंत औषधाच्या दुकानातला माणूस येऊन पाया पडून गेला. सकाळच्या फिरण्याच्या मंडळींनी सोमवारी त्यांना मध्ये घेऊन चालायला सुरुवात केली, जणू ते काचेचे आहेत. जुनी इंदूर भागातून इंदुमतीबाईंच्या मावसबहिणीचा फोन आला, इतकी वर्षं सांगितलं कसं नाही म्हणून. लक्ष्मीकांत जो भेटेल त्याला सांगत होते की हे नाटक होतं, मी डॉक्टर नाही. लोक मान हलवून ऐकून घेत आणि आपसात म्हणत, भिया, पानसेजींवर वरून दबाव आलाय.

लक्ष्मीकांतांना मनातून काय वाटत होतं, ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. एवढ्या वर्षांनी त्यांना एक भूमिका मिळाली होती आणि ती त्यांनी इतकी चांगली केली होती की ती केली आहे हेच कोणाच्या लक्षात येत नव्हतं. एकाने जरी म्हटलं असतं की पानसे, काय अभिनय केलात, तर त्यांनी त्याला जेवायला घातलं असतं.

इंदुमतीबाईंना हा सगळा प्रकार आवडला नव्हता. "अहो, मजा झाली ती झाली," त्या म्हणाल्या. "आता त्या अनीशला बोलवा आणि साफ साफ सांगून टाका, मतलब कॅमेऱ्यासमोर."

अनीश आला. बिचारा घाबरलाच होता. त्याने एक मोठा दिवा लावला आणि लक्ष्मीकांतांनी सरळ सांगितलं, मी डॉक्टर नाही, मी काहीही पाहिलेलं नाही, जलराखा नावाचं काही नसतं. दिवा डोळ्यांवर येत होता म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बस, तेवढं पुरलं. पहिला कार्यक्रम ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनी हा खुलासा चॅनलवर पाहिला, आणि एका म्हाताऱ्या संशोधकाकडून रडवून खोटं बोलवून घेतलं म्हणून सगळं शहर हळहळलं. कॉलनीतल्या तीन बायका इंदुमतीबाईंना भेटून गेल्या. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, म्हणाल्या.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. बुधवारी दुपारी दारात गेंदाबाई उभी राहिली, आणि मग ते तसं राहिलं नाही.

ती साठीची, काटक, हातभर काचेच्या बांगड्या घातलेली बाई खजुरखेडीहून आली होती. तळ्यात ती शिंगाड्याचं पीक घ्यायची. नवरात्र पाच दिवसांवर आलं होतं, उपासाच्या शिंगाड्यांचे हेच दिवस. पण रविवारच्या कार्यक्रमापासून खजुरखेडीचे शिंगाडे म्हटलं की व्यापारी टोपली परत सरकवत होते. त्याहून वाईट म्हणजे घरातलंच कोणी पाण्यात उतरायला तयार नव्हतं. सून तर काठावरूनच परत फिरायची. वेली शिंगाड्यांनी लगडलेल्या आणि तोडायला माणूस नाही.

लक्ष्मीकांतांना वाटलं, आता ही आपल्याला बोलणार. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिने डोक्यावर पदर ओढला, हात जोडले, आणि डोळे भरून येऊन माळवीत म्हणाली, "बाबूजी, तमने ऊके देख्यो हे। तो इतरो बतई दो, ऊ तालाब में कणी आड़ी रे हे। हम वणी आड़ी नी जावांगा।"

तुम्ही त्याला पाहिलंय, तर तो कुठल्या बाजूला राहतो, एवढंच तिला हवं होतं. ती बाजू सोडून ती बाकीच्या तळ्यात काम करणार होती. तक्रार नाही, राग नाही. जोडलेले हात मात्र थरथरत होते.

लक्ष्मीकांतांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मिक्सरचं सांगितलं, व्यायामशाळेतल्या मास्तरांचं सांगितलं. गेंदाबाईने शांतपणे ऐकलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत म्हणाली, तुमचं तोंड खोटं बोलणाऱ्याचं नाही. आणि निघून गेली.

लक्ष्मीकांतांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "मी उतरतो तळ्यात."

"पोहता येतं का तुम्हाला?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"महूला शिकलो होतो. शाळेत असताना."

"त्याला छप्पन वर्षं झाली."

"पाणी छातीएवढंच आहे म्हणे. माझ्या बोलण्यावर कोणाचा विश्वास नाही, मग दुसरं करायचं काय, ये बताओ?"

इंदुमतीबाई आत गेल्या. लक्ष्मीकांतांना वाटलं, रागावल्या. थोड्या वेळाने त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या, तिच्यात दोन टॉवेल, कोरडे कपडे, सुंठेची पूड आणि जखमेवर लावायचं मलम होतं. "शिंगाड्याला काटे असतात," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी अनीशच्या गाडीतून तिघं खजुरखेडीला पोहोचले तेव्हा काठावर जत्रा जमली होती. डॉक्टरसाहेब जलराखाला भेटायला येणार ही बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. इंदूरहून मोटारसायकली आल्या होत्या, एकाने शेव-पोह्यांची गाडीही आणून लावली होती. गेंदाबाई सुनेला घेऊन पुढे उभी होती.

लक्ष्मीकांतांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, हवा भरलेली ट्रकची ट्यूब काखेत घेतली आणि पाण्यात पाय टाकला. चिखल मऊ होता आणि पाणी अपेक्षेपेक्षा गार. दहा पावलांवर ते कमरेपर्यंत आलं, तीस पावलांवर छातीपर्यंत. वेलींच्या हिरव्या चकत्या बाजूला सारत ते मध्यावर गेले, आणि तिथे त्यांच्या घोट्याला काहीतरी लागलं.

लागलं, आणि मग हळूच गुंडाळलं गेलं.

जलराखा नाही हे या जगात सर्वांत पक्कं दोघांना माहीत होतं, एक अनीश आणि दुसरे ते स्वतः. तरी त्या घटकेला त्यांच्या कानात त्यांचाच आवाज आला, मैंने उसे देखा है। तो आवाज इतका खरा होता की त्यांनी ट्यूब घट्ट धरली. आपण हे वाक्य किती चांगलं म्हटलं होतं ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ओरडावंसं वाटलं. पण काठावरून गेंदाबाईची सून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि या तोंडावर आत असेल तेच दिसतं हे त्यांना ठाऊक होतं. भीती लपवून भागणार नव्हतं. भीती खरोखरच जायला हवी होती.

मग त्यांनी डोळे मिटले, दम घेतला आणि पाण्यात डोकं घालून हातानेच घोटा चाचपला. काठावर एक किंकाळी उठली. ते वर आले तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं आणि हातात शिंगाड्याचा लांबलचक वेल. त्याला चार हिरवे शिंगाडे लटकत होते. त्यांनी एक तोडला, काटा टोचला तरी दातांनी सोलला आणि तिथेच, तळ्याच्या मध्यावर, चावून चावून खाल्ला. शिंगाडा कोवळा आणि गोड होता. त्यांचा चेहरा आपोआप तसा झाला.

तो चेहरा बघून गेंदाबाईच्या सुनेने पदर खोचला आणि पाण्यात उतरली. मग तिच्या दोन जावा उतरल्या. काठावर इंदुमतीबाई चष्मा पुसत होत्या. अनीशने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला तेव्हा त्यांनी त्याला हाताने दूर केलं.

लक्ष्मीकांत बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून बसले आणि जमलेल्यांना सांगायला लागले की बघा, आत काहीही नाही. लोकांनी आदराने ऐकलं. जलराखा आत ओढून नेत होता, पण त्यांना ओळखलं आणि सोडलं त्याने, असं मागे कोणीतरी म्हणालं. मग दुसरा म्हणाला, ज्या तळ्याला राखणदार आहे तिथला शिंगाडा उपासाला उत्तम. पहिली टोपली काठावर यायच्या आतच तिच्याभोवती गर्दी झाली. नवरात्रासाठी राखून ठेवा म्हणून माणसं नावं सांगायला लागली. लक्ष्मीकांतांनी उठून पुन्हा एकदा खुलासा केला, आणि त्यांचं पुसलेलं, खरं, थकलेलं तोंड बघून आणखी पाचसहा जणांनी नावं सांगितली.

ऊन चढल्यावर गर्दी पांगली. गेंदाबाई त्यांच्यासाठी पानावर सोललेले शिंगाडे घेऊन आली. लक्ष्मीकांत ओशाळून म्हणाले, तुमचे शिंगाडे खपले हे चांगलं झालं, पण लोकांना खरं काही पटलं नाही. निदान तुम्हाला तरी पटलं का?

गेंदाबाई हसली. चाळीस वर्षं या पाण्यात उतरते, ती म्हणाली, यातला बेडूकसुद्धा मला नावानिशी माहीत आहे. जलराखा नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण सून माझं ऐकेना, तुमचं तर कोणीच ऐकेना. तुम्हाला इथे आणून पाण्यात उतरवल्याशिवाय इलाज नव्हता. आणि रागावून आले असते तर तुम्ही माफी मागून मोकळे झाला असता.

लक्ष्मीकांतांच्या हातातला शिंगाडा हातातच राहिला. तीस वर्षं विंगेतून त्यांनी भले भले नट पाहिले होते. रडायच्या प्रवेशाआधी डोळे चोळणारे पाहिले होते. बुधवारची दुपार त्यांनी मनात परत आणली: तो ओढलेला पदर, ते थरथरणारे हात, बरोबर त्या शब्दावर भरून आलेले डोळे. विंगेत कोणी नव्हतं. वाक्य सुचवायला कोणी नव्हतं.

"अहो, थंडी वाजतेय का?" इंदुमतीबाईंनी विचारलं, कारण ते एकटक बघत होते.

"नाही," लक्ष्मीकांत म्हणाले. मग ते उभे राहिले, टॉवेल नीट केला आणि गेंदाबाईसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, ते परवाचं वाक्य एकदा परत म्हणून दाखवाल का?"

गेंदाबाईने आधी सुनेकडे पाहिलं, ती दूर वेलींत होती. मग तिने पान खाली ठेवलं, डोक्यावर पदर ओढला, हात जोडले. हात थरथरायला लागले, डोळे भरले, आणि तिने अगदी तस्संच विचारलं की बाबूजी, तो तळ्यात कुठल्या बाजूला राहतो.

आणि सगळं माहीत असूनसुद्धा लक्ष्मीकांतांचा हात आपसूक वर आला आणि त्यांनी पूर्वेकडचा कोपरा दाखवला.