शटरच्या आतलं केंद्र

म्हाताऱ्या माणसांना कसं सांभाळायचं, हे साऱ्या कोल्हापुरात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं निवृत्त हेडमास्तर नृसिंहराव उद्घाटनाच्या सकाळी बायकोला ऐकवून निघाले. राजारामपुरीतल्या एका गल्लीत गाळा घेऊन त्यांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढलं होतं. आधी प्राणायाम, मग आहारावर व्याख्यान, मग चिंतन. कुणाचं लक्ष उडू नये म्हणून आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल त्यांनी पिशवीत जमा करून घेतले.

पाहुणे आले का बघायला ते पिशवीसकट बाहेर आले. रिक्षांचा गोंगाट आत नको म्हणून शटर जरासं खाली ओढलं. ते खाडकन जमिनीला टेकलं आणि अडकलं. ओढून ओढून हात सोलले, पण हलेना.

आत कोण कोण आहे, ते नृसिंहराव आठवू लागले. आत पिराजींना रक्तदाब, शालूबाईंना दमा, धोंडुबाईंचं तर नुकतंच ऑपरेशन झालेलं. तेवढ्यात पिशवी वाजायला लागली. पिराजींची सून अनुजा विचारत होती, मामांनी गोळी घेतली का? मामा प्राणायामात आहेत, असं सांगताना ह्यांचाच श्वास अडकला. अनुजाला तो आवाज काही बरा वाटला नाही. निघालेच, म्हणाली.

त्यांनी हाका मारल्या. आतून कुणी ओ देईना. एवढी माणसं, पण साधा खोकला नाही. मग शटरला कान लावला, तर धोंडुबाईंचा आवाज आला.

"पिराजी गेलं."

नृसिंहरावांनी दुसरा कान लावून बघितला.

"आता शालूबाईंचा नंबर," दुसरं कुणीतरी म्हणालं. "त्याबी लई टिकत न्हाईत."

त्यांनी अँब्युलन्स बोलावली, मग शटरवाल्याला. उद्याच्या पेपरातला आपला फोटो त्यांना दिसायला लागला. गल्ली जमली. अनुजा रडतच स्कूटीवरून उतरली. शटरवाल्याने पहार घातली, शटर करकरत वर गेलं आणि नृसिंहरावांनी डोळे मिटून घेतले.

उघडले, तेव्हा आहाराचा तक्ता जमिनीवर अंथरून मंडळी रमी खेळत होती. डावातून बाद झालेले पिराजी कोपऱ्यात भडंग खात होते.

"अहो, हाका ऐकू नाही आल्या?" नृसिंहरावांना रडू फुटायचंच राहिलं होतं.

"आल्या की," धोंडुबाई पानांवरची नजर न काढता म्हणाल्या. "प्राणायामाला बोलवताय वाटलं, म्हणून गप बसलो. डाव अर्ध्यात हाय मास्तर, शटर वडा बघू खाली."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. दुरुस्त शटरला आतून कडी बसली होती आणि सगळ्यांची अट एकच होती, मास्तरांनी बाहेर थांबायचं. नृसिंहरावांनी ती निमूट मान्य केली. फक्त 'संस्थापक' म्हणून आपलं नाव तेवढं शटरवर बाहेरून रंगवून घेतलं.