टँकर रांगेत नाही

रेल्वेगाडी आणि मालमोटार यांच्यात मतभेद झाल्यास रेल्वेगाडी सहसा माघार घेत नाही. म्हणून सगळे नियम मालमोटारीसाठी आहेत. आत गॅस असेल तर रुळाअलीकडे पंधरा ते पन्नास फुटांच्या दरम्यान थांबायचं. दोन्हीकडे बघायचं. काच खाली करून कान द्यायचा (रेडिओवर कितीही चांगलं गाणं लागलेलं असो). रुळावर गिअर बदलायचा नाही. आणि पलीकडे अख्खी गाडी मावेल एवढी जागा दिसेपर्यंत चाक पुढे टाकायचं नाही. चुकलं की परवाना गेला. आईपणाचे नियम इतके स्पष्ट असते तर मला रात्रीची झोप लागली असती.

आमच्या नेब्रास्कातल्या गावात व्हर्लिन स्ट्राउड हे सगळं तंतोतंत पाळतो. जानेवारीतल्या त्या सकाळी तो गॅसचा टँकर घेऊन नदीनच्या पाळणाघराकडे निघाला होता. तिथली हीटरच्या गॅसची टाकी तळाला गेली होती, बाहेर थुंकी गोठत होती आणि आत आमची मुलं होती.

वाटेत रूळ. रुळापलीकडे डोनटचं दुकान. तिथे आपल्या गाडीत बसूनच सगळं मिळतं, त्यामुळे मुलांना सोडलं की आम्ही आया वळसा घालून रांगेला लागतो. रांग रुळापर्यंत येते. (रुळावर थांबायला मोटारींनाही बंदी आहे, पण मोटारवाल्यांना कॉफी लागते.) पलीकडे जागा नाही, व्हर्लिन थांबला. त्याला रांगेचं शेपूट समजून आम्ही त्याच्यामागे लागलो.

दुकानातली मुलगी ऑर्डर घ्यायला टँकरपाशी आली. काच उघडीच होती.

"काय देऊ?"

"मी रांगेत नाहीये, पोरी."

"मग तुमच्यामागे एवढे लोक कशाला उभे आहेत?"

माझ्या मागच्या गाडीतल्या आईने, मार्लिसने, हॉर्न दाबला. (हॉर्नमुळे पलीकडची जागा शून्य टक्के वाढते, असं निरीक्षण आहे.) "अहो, काहीतरी मागवा नाहीतर बाजूला व्हा! पुढे दीड गाडीची जागा पडलीय!"

"बाई, माझी गाडी दीड गाडी नाहीये!"

तेवढ्यात नदीनचा फोन. "अगं, पोरं कोट घालून बसलीत. व्हर्लिन दिसतोय का कुठे?"

"दिसतोय ना. माझ्या पुढेच आहे."

"मग येत का नाही मेला?"

"रांग आहे गं."

शेवटी नदीनने पाळणाघर बंद केलं आणि एकेका आईला फोन लावला. मुलं घेऊन जा म्हणाली. दोन मिनिटांत रांग साफ. व्हर्लिनने दोन्हीकडे बघितलं, कान दिला, एकाच गिअरमध्ये रूळ ओलांडला आणि रिकाम्या पाळणाघराची टाकी नियमाप्रमाणे बरोबर ऐंशी टक्के भरून दिली. नियमांच्या इतिहासात इतकी निर्दोष कामगिरी क्वचितच झाली असेल.

मुलं मात्र गारठली होती. माझ्या जूनीचे ओठ निळे पडलेले. आता अशा पोरांना गरम चॉकलेट नको? सगळ्याच आयांना हे एकदम सुचलं, आणि रांग पुन्हा रुळाला भिडली.

वाचकहो, हॉर्न वाजवणाऱ्यांतले तुम्ही नव्हे, याची मला खात्री आहे. तुम्ही आपले शिस्तीत उभे आहात, पुढची गाडी का हलत नाही एवढंच बघताय. एकदा आरशात बघा. मागे एक टँकर काच खाली करून थांबलाय, आणि तो तुमच्याच घरी निघालाय.