बाहेरचा फोल्डर

सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानाच्या वेबसाइटवरून फोटो पुन्हा गायब झाले. फोन वाजताच जावयाने बायकोकडे केविलवाण्या नजरेनं पाहिलं.

"उचल," ती म्हणाली. "माझे बाबा आहेत, वाघ नाहीत."

वाघ परवडला असता.

"जावईबापू, माझी टेबलं कुठे गेली?"

"टेबलं दुकानातच आहेत, बाबा. फोटो गेलेत. मी काल साइट नव्यानं चढवली ना, फोटो त्याच फोल्डरात होते. नवी साइट आली की सर्व्हर जुना फोल्डर आतल्या सामानासकट उडवतो."

"घर पाडायच्या आधी सामान बाहेर काढतात. कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

शिकवत असावेत, जावई त्या दिवशी दांडी मारून बसला असेल. सासरे एकेक टेबल पुसून, खिडकीतला उजेड साधून फोटो काढायचे. फोटो गेले की त्यांचा जीव तुटायचा. "आता पुन्हा गेले, तर साइट समोरच्या दुकानदाराच्या भाच्याकडे," असं ते अगदी शांतपणे म्हणाले. सासुरवाडीत जावयाची जी काही पत होती, ती या साइटवरच उभी होती.

सुट्टीच्या दिवशी तो तडक तिकडे गेला. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे दुकान संपून घर सुरू होतं, तिथे साइट चालवणारा कॉम्प्युटर होता. जावयाने साइटच्या बाहेर 'फोटो' नावाचा वेगळा फोल्डर केला आणि सर्व्हरला एका ओळीत बजावलं, की कुणी फोटो मागितला तर तो इथून द्यायचा. मग सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत साइट पुन्हा चढवली. एकही खुर्ची जागची हलली नाही. जावयाचा जीव भांड्यात पडला.

जेवताना तो जरा फुशारला. "आता त्या फोल्डरात फोटो टाकला, की थेट साइटवर. खाली 'चौकशी करा'चं बटणसुद्धा आपोआप येतं. माझीही गरज नाही."

"कुणीही टाकला तरी?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"कुणीही, आई."

दोन दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "जावईबापू, तुम्ही माझं घर विकायला काढलंत!"

जावई ऑफिसातून धावतपळत पोहोचला. साइटवर सुबक टेबलांच्या रांगेत सासऱ्यांच्या बेडरूममधलं कपाट होतं, दार सताड उघडं. शेजारी तीन पाय धड आणि चौथ्याखाली पुठ्ठा असलेलं स्टूल, वर गुडघ्याच्या मलमाची ट्यूब. प्रत्येकाखाली 'चौकशी करा'. आणि लोक चौकशी करत होते!

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. आपण सर्व्हरला भलताच फोल्डर दाखवला, अशी त्याची खात्रीच झाली. ती एक ओळ त्याने उलटसुलट वाचली. ओळीत चूक नव्हती, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

"भाच्याला फोन लावू?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही लावू नका. फोटो मी टाकलेत," सासूबाई दारातून म्हणाल्या. "जावई म्हणाले ना, कुणीही टाकू शकतं."

"अगं, पण हे आपलं घरचं सामान!"

"घरचं कसलं? गिऱ्हाइकानं नाकारलेलं! वाकडं झालं की आणा घरी, चिरलं की आणा घरी. लोकांच्या घरात तुमच्या हातची कपाटं बघते, तेव्हा वाटतं, आपण गिऱ्हाईक असतो तर बरं झालं असतं. दिव्याखाली अंधार!"

सासरे जावयाकडे वळून हळूच म्हणाले, "ते फोटो काढा बघू."

"काढायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

इकडे आड, तिकडे विहीर. जावई माऊसवर हात ठेवून नुसता बसून राहिला. तेवढ्यात फोन वाजला आणि सासऱ्यांनी घाईघाईत स्पीकरचं बटण दाबलं.

"साइटवर ती आरामखुर्ची आहे ना, तिची चौकशी करायची होती," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "तिच्यात एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेत. इतकी गाढ झोप लागते, म्हणजे खुर्ची चांगलीच असणार."

सासऱ्यांनी आ वासला, त्यामुळे फोटोतले गृहस्थ कोण हे जावयाला लगेच ओळखता आलं.

सासूबाईंनी फोन हातात घेतला. "खुर्ची मिळेल. गृहस्थ मात्र द्यायचे नाहीत. त्यांच्याकडून मला अजून कपाट करून घ्यायचंय."

फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी खिशातून मापाची टेप काढली आणि ते बेडरूमकडे निघाले. दाराशी थांबून म्हणाले, "साइट तुमच्याकडेच राहू द्या, जावईबापू. फक्त त्या फोल्डरला एखादं कुलूप लावता येतं का, बघा."

"आधी माझ्या कपाटाला लावा!" सासूबाई म्हणाल्या.

सासरे निमूटपणे आत गेले. जावयाने माऊसवरचा हात काढून घेतला.