क्विगली भावंडांचा तेविसावा भाग

अपुरी पुस्तकमालिका समाजाला अपुऱ्या पुलाइतकीच धोक्याची असते. पुलाच्या तोंडाशी निदान पाटी तरी लावतात. एक ते बावीस भाग आहेत आणि तेविसावा नाही, याची पाटी कुणी लावत नाही. वाचक बेसावधपणे बाविसाव्याच्या शेवटी येतो आणि सरळ खाली पडतो.

ही पडझड थांबवण्यासाठी अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावातल्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात मालिका पूर्णत्व समिती स्थापन झाली. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे वाचनालय आहे. आता कुठेच न मिळणारी जुनी बालपुस्तकं शोधायची, त्यांचा कणा कापायचा, सुटी पानं स्कॅनरला खाऊ घालायची, स्कॅनरने केलेले घोटाळे निस्तरायचे आणि शुद्ध मजकूर संगणकाच्या आवाजाच्या हवाली करायचा, हे समितीचं काम. सगळे सभासद बिनपगारी आहेत. (त्यामुळे कुणालाही काढून टाकता येत नाही.) नव्वद टक्के निवृत्त आहेत. उरलेले दहा टक्के म्हणजे स्कॅनर सांभाळणाऱ्या बर्नडीनचं मांजर, ते स्कॅनरवर झोपतं.

आमचा अध्यक्ष डेलमार कोस्टेल्निक. त्याने जन्मभर जमिनीची मोजणी केली आणि आता तो पानांची करतो. त्याचा नियम एकच: पानावर आहे ते सगळं जाईल, पानावर नाही ते काही जाणार नाही. डोळस माणसाला जे दिसतं ते अंध माणसाला मिळालंच पाहिजे, गाळणारे आपण कोण? या नियमाला आजवर कुणालाही हरकत घेता आलेली नाही. म्हणून आमच्या पुस्तकांत मागच्या वाचकांच्या कॉफीचे डागसुद्धा आहेत. ('वरच्या कोपऱ्यात तपकिरी वर्तुळ, कपाच्या बुडाएवढं.') चित्रांच्या वर्णनावरून मात्र मतभेद होतात. क्विगली मालिकेतल्या कुत्र्याची शेपटी हलते आहे की मुळातच वाकडी आहे, या वादात एक अख्खा हिवाळा गेला. बर्फ वितळल्यावर 'कुत्र्याला शेपटी आहे' असा ठराव एकमताने मंजूर झाला.

तर क्विगली भावंडं. ही चार मुलं फेरीबोटीवर राहतात आणि गुन्हे शोधतात. बाविसाव्या भागाच्या शेवटी धुक्यात बोटींना इशारा देणारा बंदराचा भोंगा चोरीला जातो. चोर तेविसाव्यात सापडतो, आणि तेविसावा आमच्याकडे नव्हता.

हे सगळ्यात जास्त बोचलं ते अर्विला होकान्सनबाईंना. अर्विलाबाई जन्मापासून अंध, आता ऐंशीच्या पुढे. लहानपणी अंधशाळेच्या वसतिगृहात एक मेट्रन रात्रीच्या जेवणानंतर मुलींना क्विगली वाचून दाखवायची. बाविसावा भाग संपला आणि मेट्रनचं लग्न झालं. नव्या मेट्रनला विणकाम आवडायचं. तेव्हापासून अर्विलाबाई चोराच्या शोधात आहेत. त्यांचा संशय बंदराच्या कॅप्टनवर होता. या संशयापायी त्यांनी पुढे एका टगबोटीच्या कॅप्टनला, हॅरल्ड नावाच्या (आवाजाने अतिशय देखण्या) गृहस्थाला, लग्नाला नकार दिला होता.

"पुस्तक मिळालं तर मला कुणी काही सांगायचं नाही," त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "मला आयुष्यभर सगळं दुसऱ्यांनीच सांगितलंय. हा चोर माझी मी पकडणार."

तेविसावा भाग अखेर एका चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत सापडला, वॉफल करायच्या यंत्राखाली. समितीत आनंदीआनंद झाला. कणा कापला, पानं स्कॅनरमध्ये घातली (मांजर उठवून), आणि पहिल्याच प्रकरणाच्या डोक्यावर कुणा पोराने शिसपेन्सिलीने लिहिलेलं वाक्य बर्नडीनला दिसलं. त्यात चोराचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: 'उगाच वाचत बसू नका.'

तातडीची बैठक बोलावण्यात आली.

"खोडून टाकते," बर्नडीन म्हणाली. "रबर आहे माझ्याकडे."

"आणि उद्या काय खोडशील? कुत्रा?" डेलमार म्हणाला.

"अरे, त्या बाईचा जन्म गेला वाट बघण्यात."

"म्हणूनच तिला गाळीव पुस्तक द्यायचं नाही."

"मग निदान शेवटच्या पानावर टाक ते वाक्य."

"खुणेचा दगड हलवायचा? मी मोजणी खात्यात होतो, बर्नडीन."

वाक्य आहे तिथेच ठेवायचं ठरलं. ठराव एकाविरुद्ध सर्व मतांनी मंजूर झाला. अंध वाचकांना रहस्यभंगापासून वंचित ठेवणं हा भेदभाव आहे, असं त्यात नमूद केलं होतं.

प्रकाशन चर्चच्या तळघरात झालं. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणलं होतं. जंगली तांदळाची हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली खिचडी, सात जणांनी आणली. अर्विलाबाई ठेवणीतला ब्रोच लावून आल्या होत्या. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं, आणि अपघाताची बातमी नि केकची कृती एकाच सुरात वाचणारा तो आवाज म्हणाला: "पेन्सिलीने लिहिलेली नोंद. अक्षर गिचमिड." आणि चोराचं नाव सांगून मोकळा झाला.

अर्विलाबाईंनी यंत्र बंद केलं. डेलमार ताटलीतला एक वाटाणा इकडून तिकडे करत राहिला. मला त्या बाईंकडे बघवेना.

"कुणी लिहिलं हे?"

"कुणा कार्ट्याने, फार पूर्वी," बर्नडीन म्हणाली. "मी सांगत होते गं यांना, खोडा म्हणून."

"मेल्याचे हात कसे झडले नाहीत," अर्विलाबाई शांतपणे म्हणाल्या. मग ब्रोच चाचपत, "म्हणजे कॅप्टन नव्हताच."

"नव्हता," डेलमार म्हणाला.

"बिचारा हॅरल्ड."

त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि मग एकदम हसायलाच लागल्या. "माझ्या भावाच्या पुस्तकांत पोरं असंच लिहून ठेवायची. तो घर डोक्यावर घ्यायचा. मला हेवा वाटायचा त्याचा. ब्रेलमध्ये कोण कशाला टोचत बसतंय? आज माझंही पुस्तक नासवलंत बाई एकदाचं. चला, कॉफी ओता. चोरी कशी केली ते तर नाही ना लिहिलंय त्या मेल्याने?"

नव्हतं लिहिलं. त्यांनी पुस्तक पुरं ऐकलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावलं. डेलमारने इतिवृत्तात 'समान सुविधेचं उद्दिष्ट शंभर टक्के साध्य' असं लिहिलं.

आता भोंगा चोरला कुणी, असं तुम्ही विचाराल. चोराचं नाव या लेखाच्या शेवटच्या ओळीत द्यायचं, असं समितीने ठरवलं होतं. त्याला अर्विलाबाईंनी हरकत घेतली. डोळस लोक आधी शेवटची ओळ बघून घेतात, असं त्यांनी ऐकलं आहे. तेव्हा ज्यांना हवं त्यांनी पुस्तकच मागवावं. ते आमच्याकडे आहे, पूर्ण आहे आणि फुकट आहे. फक्त छापील अक्षर वाचता येत नसल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. या ओळीपर्यंत तुम्ही डोळ्यांनी आला असाल, तर समितीला खेद आहे: तुम्ही अपात्र आहात.