आप्पांचा न हलणारा साकव

जग गुंतागुंतीचं आहे, हा माणसाचा दोष नव्हे. पण ते गणितात जसंच्या तसं घेणं ही शुद्ध हयगय होय.

हे निवृत्त इंजिनीअर आप्पांचं ठाम मत. हातखंब्याच्या अलीकडे वाडीतल्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, नवा लोखंडी साकव झाला, तेव्हा तो किती हलेल हे काढायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं (दुसरं कुणी रिकामं नव्हतं). जुना साकव वाहून गेल्यापासून शिमग्याची पालखी पलीकडे गेली नव्हती. पलीकडे पायांनी अधू झालेल्या आनंदीबाई अंगणात बाजेवर बसून, ओटीचं सामान घेऊन वाट पाहत होत्या.

कॉम्प्युटरने सतरा हजार समीकरणं मांडली. आप्पांनी ती मेथीसारखी निवडायला घेतली. कठडे काढले, ते धरायला असतात, हलायला नव्हे. आडवं हलणं काढलं. चांगल्या घरचा साकव वरखालीच हलतो. पालखी ठेवली, पण 'एक नग, स्तब्ध'. शेवटी साकव म्हणून कागदावर स्प्रिंगला टांगलेलं एक वजन उरलं. ते काही केल्या हलेना. (हलवणारं सगळं आधीच काढलेलं होतं.) आप्पांना भरून आलं.

कोकणात पालखी नेत नाहीत, नाचवतात. हे आप्पांना चांगलं ठाऊक. तरुणपणी स्वतः खांदा दिलेला. पण गणितात कसलं आलंय नाचणं?

पालखी साकवाच्या मध्यावर आली, ढोल चढला, सगळी पावलं एका ठेक्यात पडली आणि साकव आडवा झुलू लागला.

"आप्पा, तुमचा साकव आमच्यापेक्षा बेस नाचतोय वो!" खांदेकरी विठू ओरडला.

"ढोल थांबवा!"

"आणि देवीला काय सांगू? तुमचं गणित चुकलं?"

"गणित बरोबर आहे! साकव चुकतोय!" म्हणत आप्पा ते आडवं हलणं डोळ्यांनी पाहायला कठड्यावरून वाकले, ते थेट पऱ्याच्या चिखलात, कमरेपर्यंत.

विठू हसला, ढोलवाला हसला, ठेका मोडला, पावलं वेडीवाकडी पडली. साकव गप्प झाला. पालखी पलीकडे पोचली. आनंदीबाईंनी डोळे पुसत ओटी भरली आणि पऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "यंदा सोंग झकास काढलंय हो!"

आप्पांनी अहवालात एकच दुरुस्ती केली : 'साकव सुरक्षित. मात्र पालखी मध्यावर येताच एक शहाणा माणूस खाली पाडावा.'

पुढल्या शिमग्याला आप्पांचा गुडघा साथ देणार नाही. इतका वेळ काठावर उभं राहून हसणारे तुम्ही शहाणेच असणार. वजन तेवढं कळवा.